रत्नागिरीतलं फिजिओ क्लिनिक: कंबर वाकडी ती वाकडीच राहिली, तरी साडेचार स्टार

आधी तक्रारी सांगून घेतो, कारण चांगलं लिहायला लागलो की त्या राहून जातात. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. कंबर धरून आलेल्या माणसाला एकवीस पायऱ्या, त्याही जुन्या बिल्डिंगच्या असतात तशा उंच, आणि कठडा फक्त एका बाजूला. मी पहिल्या दिवशी नवव्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा खालच्या औषधवाल्याने वर बघून विचारलं, पाणी देऊ काय. दुसरं, दिलेली वेळ कधीच पाळत नाहीत, साडेपाच म्हणजे सव्वासहा धरून चाला. तिसरं, दोन खाटांच्या मध्ये फक्त पडदा आहे, त्यामुळे शेजारच्या काकूंचा गुडघा, त्यांची सून आणि सुनेचं माहेर हे सगळं मला तोंडपाठ झालंय. पावसाळ्यात मॅटला ओला वास येतो. बस, एवढंच. अर्धा स्टार त्यासाठी कापला.

पत्ता मारुती मंदिरच्या बाजूला, स्टेडियमपासून चालत पाच मिनिटं. नाव लिहीत नाही कारण तिथल्या फिजिओ मॅडमच म्हणाल्या की नको, आधीच आठवड्याचं वेटिंग आहे. ज्याला खरंच गरज आहे तो तिथे कुणाही खेळणाऱ्या पोराला विचारेल, लगेच सांगतील.

आता माझं. मी मालगुंडकडचा, उजव्या हाताने फास्ट टाकतो, वय २९. डिसेंबर ते मे टेनिस बॉलच्या नाइट टुर्नामेंट, मधेमधे सिझन बॉलच्या मॅचेस, आणि दोन-तीन टीम मला मॅचमागे पैसे देतात म्हणून गावात मला थट्टेने प्रोफेशनल म्हणतात. खरे प्रोफेशनल वेगळे, त्यांना मागे फिजिओ, ट्रेनर, आइस बाथ. आम्हाला मागे वडापाव आणि पुढच्या गावातली रात्री साडेअकराची मॅच. पण शरीराला काय कळतंय तुमचा करार कितीचा आहे, चेंडू टाकला की टाकला. त्यात आमची ग्राउंडं सड्यावरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सडा म्हणजे जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर चार बोटं माती असेल तर नशीब, आणि पीच म्हणजे सिमेंटवर मॅट. फास्ट बोलरचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहापट जोर, कधी जास्तच, पायातून वर कमरेत जातो. माझं वजन ७४ किलो. हिशोब तुम्हीच करा, आणि तो जोर कातळ काही पिऊन टाकत नाही.

डिसेंबरमध्ये कंबर दुखायला लागली, डाव्या बाजूला, पँटच्या पट्ट्याच्या थोडं वर, एका बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी. चालताना काही नाही, बसताना काही नाही, पण चेंडू सोडताना मागे वाकलो की आतून कुणीतरी सुरी फिरवल्यासारखं. आई म्हणाली उसण भरली असेल. आणि उसण भरली म्हटल्यावर आमच्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल, वाडीत एक पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला, पोरगा आहे, तेव्हा आठवीतला, त्याला बोलावलं आणि त्याने माझ्या कमरेला तीनदा पाय लावला. पहिले दोन हळू, तिसरा जोरात, कारण मागे मी त्याला शून्यावर बोल्ड काढला होता. उसण काय गेली नाही, पण चहा-बिस्किटं खाऊन तो मजेत गेला.

मग जानेवारीत मी एका मोठ्या शहरातल्या चकाचक सेंटरमध्ये गेलो. नाव घेत नाही, एसी, पांढरे सोफे, कॉफी मशीन. त्यांनी मला शर्ट काढून भिंतीसमोर उभं केलं, चार बाजूंनी फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर माझ्या अंगावर लाल रेघा मारल्या. उजवा खांदा खाली, कंबर एकीकडे कललेली, पाठीचा एका बाजूचा स्नायू दुसऱ्यापेक्षा फुगलेला. तुमच्या बॉडीत प्रचंड इम्बॅलन्स आहे, तो काढल्याशिवाय दुखणं जाणार नाही, म्हणून बारा सेशनचं पॅकेज, चौदा हजार, आधी भरा. भरले. घाबरलो होतो ना. लाल रेघा बघून कुणीही घाबरेल. सहा सेशन झाले, करंट दिला, शेक दिला, पाठ दोन्ही बाजूंनी मळली, आणि मधल्या काळात मी टाकतच होतो कारण टाकू नका असं कुणी म्हणालंच नाही. दुखणं वाढलं. उरलेले सहा सेशन अजून तिथेच पडून आहेत, कुणाला पाहिजे तर घ्या.

गंमत म्हणजे त्या लाल रेघांतलं अर्धं मला आमच्या शिंपी मास्तरांनी दहावीतच सांगितलं होतं. शर्टाचं माप घेताना म्हणाले होते, तुझा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे, बोलिंग टाकतोस काय रे. फुकट.

तर फेब्रुवारीत एका कबड्डीवाल्या मित्राने या क्लिनिकचं नाव सांगितलं आणि मी आरे-वारेच्या रस्त्याने बाइकवर मागे बसून आलो. तो रस्ता किती सुंदर आहे वगैरे सगळे फोटो टाकतात, कमरेत दुखत असताना तिथली वळणं मोजून बघा एकदा.

पहिली व्हिजिट पन्नास मिनिटांची झाली आणि त्यातली पहिली वीस मिनिटं मॅडम फक्त विचारत होत्या. किती दिवस, कुठल्या बाजूला, कुठल्या क्षणी, आणि मग एक प्रश्न जो मला आजवर कुणीच विचारला नव्हता: आठवड्याला किती चेंडू टाकता? मी म्हटलं ओव्हर की चेंडू. म्हणाल्या चेंडू, नेट आणि वॉर्मअपचे धरून. मला सांगताच येईना. बोटांवर मोजायला लागलो तर डिसेंबरच्या एका आठवड्यात चार रात्री, रोज तीन-तीन मॅचेस, वर सकाळची प्रॅक्टिस, आणि त्याच्या आधी नोव्हेंबरभर जवळजवळ काहीच नाही कारण भातकापणी आणि मग ऑफिसची ऑडिट. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वहीत एक उभी रेघ ओढली आणि तिच्या बाजूला एकदम उंच दुसरी. ते चित्र मला लाल रेघांपेक्षा जास्त समजलं.

मग उभं करून पुढे वाकायला लावलं, पाठीवर मोबाइल आडवा ठेवून तिरकेपणा बघितला. बरगड्यांना पीळ नाही, म्हणजे मणका मुळात वाकडा असण्यातला प्रकार नाही, फक्त कमरेच्या बाजूचं मांस एकीकडे जास्त आहे. मग मागे वाकायला लावलं, मी आई गं केलं. तेव्हा त्यांनी हात बाजूला घेतले आणि म्हणाल्या, आज मी तुम्हाला काही ट्रीटमेंट देणार नाही. फास्ट बोलर, उजव्या हाताचा, दुखतंय डाव्या बाजूला, मागे वाकलं की दुखतंय, आधी हाड बघायचं. हाताने तपासून हे नक्की कळत नाही, एमआरआय काढा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या.

मला राग आला होता, खरं सांगतो. एकवीस पायऱ्या चढून गेलो आणि बाई साधा शेकही देत नाही. बाहेर बसलेले एक आजोबा तर म्हणालेच, इथे करंट देत नाहीत हो, नुसतं बोलतात.

एमआरआयमध्ये निघालं की कमरेच्या पाचव्या मणक्याच्या डाव्या बाजूला, पार्स म्हणून जो हाडाचा बारीक पूल असतो तिथे सूज आहे. तुटलेलं नव्हतं, पण तुटायच्या वाटेवर होतं. स्ट्रेस रिअॅक्शन म्हणतात त्याला, आणि त्याची पुढची पायरी स्ट्रेस फ्रॅक्चर. फास्ट बोलरांमध्ये हे बहुतेक वेळा बोलिंग हाताच्या उलट्या बाजूलाच होतं, कारण चेंडू सोडताना आपण एकाच वेळी मागे वाकलेले, उलट्या बाजूला कललेले आणि पिळलेले असतो, आणि नेमका तेव्हाच पुढचा पाय आपटलेला असतो. बुमराहचं ऐकलं असेलच, २०१९ मध्ये कमरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर, मग २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन, आणि परत आला तो ऑगस्टमध्ये आयर्लंडला. त्याच्या मागे अख्खं बोर्ड उभं होतं तरी एवढा वेळ लागला. आणि मी त्या सुजेवर सहा सेशन मसाज घेऊन रात्री परत टाकत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं बोलिंग पूर्ण बंद, तीन-चार महिने तरी. सिझन गेला. मॅन ऑफ द सिरीजला बाइक होती त्या वर्षी, जाऊ दे.

आता ज्या कारणासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. दुसऱ्या व्हिजिटला मॅडमनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि आडवे काप दाखवले, म्हणजे कंबर केळ्याच्या चकत्यांसारखी आडवी कापली तर दिसेल तसे. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगडीपासून खाली कमरेच्या हाडापर्यंत एक स्नायू असतो, क्वाड्रेटस लम्बोरम, मॅडम त्याला क्यूएल म्हणतात. माझा उजवा क्यूएल डाव्यापेक्षा जाड दिसत होता, मला न शिकता दिसला एवढा. रिपोर्टमध्ये त्याचा एक शब्द नाही, रिपोर्टवाले डिस्कचं आणि हाडाचं लिहितात. मी लगेच म्हटलं, बघा, हाच तो इम्बॅलन्स, यानेच झालं ना सगळं? तर म्हणाल्या, हा फास्ट बोलरचा स्नायू आहे, हा असाच असतो.

आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर माझं. वेगवान गोलंदाजांचे एमआरआय काढून बघितले तर बोलिंग हाताच्या बाजूचा क्यूएल मोठा सापडतो, हे ऑस्ट्रेलियात बऱ्याच वेळा दिसलंय. २००७ मध्ये तिथल्याच किशोरवयीन बोलरांवरच्या एका अभ्यासात असं आलं की ज्यांच्यात हा फरक जास्त त्यांच्यात चौथ्या मणक्याच्या पार्सची दुखापत जास्त. झालं, सगळीकडे पसरलं की फरक वाईट, फरक मिटवा. पण २०१२ मध्ये परत बोलरांवरच बघितलं तर तो संबंध सापडलाच नाही. आणि मधल्या मध्ये कॉम्प्युटरवर गणित मांडून कुणी असंही म्हटलं की तो जाड स्नायू कदाचित मणक्यावरचा ताण कमीच करत असेल. म्हणजे चोर समजून ज्याला धरला तो वॉचमनही असू शकतो. हे वाक्य माझं आहे, मॅडमचं नाही, त्या असं बोलत नाहीत.

टेनिसचं तर मला फारच आवडलं. २०१० मध्ये स्पेनमधल्या लोकांनी प्रोफेशनल टेनिसपटूंच्या पोटाचे एमआरआय काढले. सिक्स पॅकवाला जो स्नायू, रेक्टस ॲब्डोमिनिस, तो त्यांच्यात न खेळणाऱ्या माणसांपेक्षा ५८ टक्के मोठा, हे ठीक, अपेक्षितच. पण त्यातही रॅकेट धरतात त्याच्या उलट्या बाजूचा भाग रॅकेटच्या बाजूपेक्षा ३५ टक्के मोठा! आपण म्हणणार उजव्या हाताने खेळतो म्हणजे उजवं पोट मजबूत, तर उलटं. सर्व्हिस करताना अंग मागे कमानीसारखं ताणलं जातं आणि मग पिळून पुढे येतं, तो सगळा झटका उलट्या बाजूचं पोट आवरतं आणि सोडतं. पुढच्या वर्षी त्याच लोकांनी फुटबॉलवाल्यांचे पण एमआरआय काढले, त्यांचंही पोट मोठं पण दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखं. म्हणजे शरीर काय बिघडत नाही, जे काम देताय त्याच्या मापाचं होत जातं. मला नदाल आठवला, २०२२ च्या विम्बल्डनला पोटाचा स्नायू फाटला म्हणून सेमीफायनल सोडून गेला तो. बोलरांचंही तसंच, साइड स्ट्रेन म्हणतात ते बरगडीखालचं फाटणं बहुतेक वेळा बोलिंग हाताच्या उलट्या कुशीतच होतं.

मी हे सगळं घरी सांगितलं तर आई म्हणाली, मग माझी डावी कंबर पण मोठी असेल की, तीस वर्षं विहिरीवरून कळशी डाव्याच कमरेवर आणली. आणि मालवणचा मामा, जो अजून रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जातो, तो फोनवर हसला. "मेल्या, चाळीस वरसां रापण वढतंय, माझी पाठ काय सरळ आसा? पण दुखणा नाय." मी मॅडमना सांगितलं तर त्यांनी मामाला घेऊन या म्हटलं, बघायचंय म्हणाल्या. मामा काय येतोय.

पण म्हणजे काहीच करायचं नाही असं पण नाही, इथे लोक घोळ करतात. मॅडमनी मापं घेतली. त्यांच्याकडे सोनोग्राफी मशीन नाही, आणि ते नाही याबद्दल कुणी नावं ठेवू नका, गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळे ते मशीन असं कुणालाही सहज ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तर मापं म्हणजे स्टॉपवॉच. कुशीवर, एका कोपरावर आणि पावलांवर अंग सरळ उचलून धरायचं, साइड ब्रिज, किती सेकंद टिकता ते बघायचं. हे अर्थात हाडाची सूज उतरल्यावर, मे महिन्यात, आधी नाही. माझं उजव्या कुशीवर ८८ सेकंद आणि डाव्या कुशीवर ६१. कॅनडाचे एक मणक्याचे मोठे अभ्यासक आहेत, स्टुअर्ट मॅकगिल, त्यांच्या हिशोबात दोन्ही बाजूंचा फरक पाच टक्क्यांच्या आत असावा. माझा तर चव्वेचाळीस. मी परत घाबरलो. त्या म्हणाल्या, पाच टक्के हे साध्या माणसाचं माप आहे, तुम्ही एकाच बाजूने हजारो चेंडू टाकलेत, मला तुम्हाला एकासारखं एक करायचं नाही, मला डावी कूस दमायला नको आहे. ती दमली की शेवटच्या ओव्हरमध्ये तुम्ही जास्त कलता, आणि हाडावर येतं. सारखं करणं वेगळं आणि कमकुवत बाजू कामापुरती करणं वेगळं. हा फरक समजायला मला चौदा हजार आणि एक सिझन लागला, तुम्हाला इथे फुकट.

व्यायाम एकदम साधे होते आणि सुरुवातीला मला फसवल्यासारखंच वाटलं. चालणं. मग गुडघ्या-हातांवर राहून उलटसुलट हात-पाय ताणणं, कुशीवरचा ब्रिज आधी गुडघे टेकून, पाठ न मोडता पोटाची अर्धी उचल. एकच हातात वजन घेऊन सरळ चालणं, हे घरी कळशीने. इथे एक मजा आहे, कळशी उजव्या हातात धरली की काम डाव्या कुशीला लागतं, कारण तीच अंग कलू देत नाही. म्हणून मला उजव्या हाताच्या फेऱ्या जास्त. अंगणात सकाळी मी एका हातात कळशी घेऊन संचलन केल्यासारखा येतोय-जातोय, आणि शेजारची काकी विचारते, नळाला पाणी नाही आलं काय रे. मांड्या आणि खुब्याचे व्यायाम वेगळे, ते सगळ्यांना देतात तसेच.

सगळ्यात जड गेलं ते झेल्याचं. मार्च ते मे आमच्या घरची चाळीसेक कलमं, आणि आंबा काढायला झेला, म्हणजे जाळी लावलेली लांब काठी, हातात घेऊन वर बघत तासन्‌तास मागे वाकून उभं राहायचं. दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला आहे आमच्याकडे, देठासकट कापून जाळीत पडतो, झेला झकास, पण कंबर मागेच वाकते. मॅडमनी ते पहिल्याच महिन्यात विचारून घेतलं, घरी काय काम करता, आणि झेल्यावर सरळ बंदी. पेट्या भरा, वर्तमानपत्र लावा, मोजणी करा, झेला नाही. बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एक गडी जास्त लावावा लागला, तो खर्च पण क्लिनिकच्या बिलात धरायला पाहिजे खरं तर. पण विचार करा, शहरातल्या सेंटरवाल्याला हे सुचलं असतं काय? त्याने मला एर्गोनॉमिक खुर्ची घ्यायला सांगितली होती.

पाऊस सुरू झाला, ग्राउंड बंद, त्यामुळे मन मारायला लागलं नाही. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एकदा क्लिनिक, बाकी घरी. सप्टेंबरच्या शेवटी गणपतीचा हॉल रिकामा झाल्यावर तिथे पहिल्यांदा बारा चेंडू, उभ्याने, रनअप नाही. बारा! मी म्हटलं मॅडम, एवढे तर मी वॉर्मअपच्या आधी टाकतो. त्या म्हणाल्या म्हणूनच इथे आलात. एक दिवसाआड, मग अठरा, मग चार पावलांचा रनअप, मग चोवीस, दुखलं की मागच्या आकड्यावर परत. एक वही करायला लावली, शाळेची दोनशे पानी, तारीख, चेंडू, किती जोरात टाकले ते दहापैकी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी. हे आकडे माझ्यापुरते आहेत हं, तुमच्या पोराला बघून देऊ नका. पण ती वही म्हणजे या क्लिनिकची खरी ट्रीटमेंट आहे असं माझं मत. एकदम शून्यावरून चार रात्रींवर जाणं, हेच माझ्या हाडाला नडलं होतं, खांदा खाली असणं नव्हे.

नोव्हेंबरमध्ये परत स्टॉपवॉच लावलं, उजवी ९६, डावी ८४. अजून फरक आहे. मॅडमनी आकडा लिहिला, बरं म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मला वाटलं होतं टाळ्या वाजवतील.

पैशांचं: पहिली व्हिजिट सहाशे, नंतर चारशे, घरचे व्यायाम बदलून द्यायला फोनवर शंका विचारली तर काही नाही. पॅकेज नाहीच. मी हट्ट केला होता की एकदम भरतो, स्वस्त पडेल, तर म्हणाल्या किती वेळा लागेल मलाच माहीत नाही, तुम्ही कशाचे पैसे भरणार? एकूण माझे साधारण साडेसहा हजार झाले आठ-नऊ महिन्यांत, एमआरआय वेगळा. रोख किंवा जीपे, पण जीपेला आत रेंज नाही, जिन्यात जाऊन करावं लागतं. व्यायामाचा कागद झेरॉक्सची झेरॉक्स आहे, त्यातला माणूस उताणा आहे की पालथा ते कळत नाही, मोबाइलवर स्वतःचाच व्हिडिओ काढून घ्या, त्या नाही म्हणत नाहीत.

कुणी जाऊ नये तेही सांगतो. ज्यांना झोपून मशीन लावून घ्यायचंय, डोळे मिटून बरं वाटून घ्यायचंय, त्यांचा इथे अपेक्षाभंग होईल. मशीन आहेत, कोपऱ्यात कापड घालून ठेवलीत, आजोबा-आजींना लावतात कधी कधी. आणि ज्यांना दोन आठवड्यांत फायनल खेळायचीय त्यांनी पण जाऊ नका, ती बाई नाही म्हणेल आणि तुम्ही इथे येऊन एक स्टार द्याल. मी एक-दोघांचे तसे रिव्ह्यू वाचलेत.

कबड्डीच्या मुली खूप येतात संध्याकाळी. एक डाव्या कोपऱ्याची खेळाडू होती, तिचंही माझ्यासारखंच, एका बाजूची पाठ जाड, आणि तिला कुणीतरी कोचने सांगितलं होतं की तू वाकडी आहेस, आधी सरळ हो मग टीममध्ये घेतो. पडद्याच्या अलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. मॅडम तिला म्हणाल्या, दुखतंय काय? नाही. पकड सुटते काय? नाही. मग कोचना सांग, मॅडमनी बघितलंय. पाच मिनिटांत पाठवून दिली, पैसे पण घेतले नाहीत. तिची आई बाहेर पर्स उघडून उभीच.

गेल्या शनिवारी मी भंडारपुळ्याच्या बाजूला एक मॅच टाकली, दोन ओव्हर, बारा चेंडू, वाइड दोन म्हणजे चौदा, वहीत चौदा लिहिले. रविवारी सकाळी कंबर ठीक. विकेट एकच, ती पण पायाळूची. आता तो नववीत आहे आणि म्हणतो पुढच्या वेळी उसण भरली तर मला बोलावू नका.